काचेमागचा कातळ

मी बनवलेला कातळ पहिल्यांदा पाण्यात गेला, त्या रात्री तो तरंगला.

२०२० साल होतं. ऑफिस बंद, आणि मी पहूरच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसलेलो. दिवसा कोड लिहायचा आणि रात्री थर्माकोल कोरायचा, असे दोन महिने गेले होते. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी जळगावहून आणली होती. तिच्या मागच्या काचेला आतून चिकटवायला मी थर्माकोलचा कडा कोरला होता. त्यात कपारी होत्या, सुळके होते, आपल्याकडच्या डोंगरांत दिसतात तसे आडवे थर होते. वरून सिमेंटचे चार हात दिले, शेवटच्या दोन हातांत काळा आणि लाल ऑक्साइड मिसळला. सिलिकॉनने तो काचेला लावला, चार दिवस वाळू दिला आणि मग पाणी सोडलं. टाकी पाऊण भरली असेल-नसेल, मागून ‘टप्प’ असा आवाज आला. खालची कड सुटली, मग एक बाजू, आणि बघता बघता अख्खा कडा वर येऊन पाण्यावर आडवा झाला.

पप्पा म्हणाले, “रामाचं नाव लिहिलं होतं का रे त्यावर?”

नंतर हिशोब केला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. माझा कडा साधारण २८ लिटर जागा व्यापत होता, म्हणजे २८ किलो पाणी बाजूला सारत होता. त्याचं स्वतःचं वजन सिमेंटसकट जेमतेम आठ-नऊ किलो. उरलेले वीसेक किलो त्याला सतत वर ढकलत होते आणि त्याला धरून ठेवायला मी सिलिकॉनचे दहा-बारा ठिपके दिले होते. इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षाला आर्किमिडीज येतो. पेपरात तो मला सुटला होता.

खऱ्या दगडाचा विचार केला नव्हता असं नाही. पहूर म्हणजे काळ्या दगडाचा मुलूख. वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वाहत खाली खानदेशात उतरते आणि आमच्या गावातून जाते. तिच्या पात्रात हवे तेवढे दगड पडलेले असतात. पण तेवढाच कडा बेसाल्टचा केला असता तर त्याचं वजन ऐंशी किलोच्या घरात गेलं असतं. टाकीत अडीचशे लिटर पाणी, म्हणजे अडीचशे किलो आधीच. वरच्या खोलीच्या स्लॅबवर आणखी भार घालायची घरच्यांची तयारी नव्हती. म्हणून थर्माकोल.

त्या रात्री ओली फरशी पुसता पुसता एक प्रश्न डोक्यात आला. माशाला मागे भिंत लागतेच कशाला?

माणसं फार जुन्या काळापासून मासे पाळत आली आहेत, पण ती माशांकडे वरून बघायची. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदावर वेगळं प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना खायला काय घालावं, त्यांना गळाला कसं लावावं, सगळं त्यात येतं. पण हा सगळा खेळ काठावरून. देवळाच्या कुंडातले मासे आपण वरूनच पाहतो. आरोग्य केंद्राच्या हौदातले गप्पी मासेही, जे डासांच्या अळ्या खातात म्हणून गावोगावी वाटले जातात, वरूनच दिसतात. वरून पाहिलं की माशाची फक्त पाठ दिसते आणि त्याच्या मागे तळ असतो. कुंडाला मागची बाजू नसते.

मागची बाजू आली ती काचेबरोबर. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८४९ साली बारा-तेरा गॅलनच्या काचपात्रात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. तळाला वाळू आणि चिखल, आणि माशांना आडोसा म्हणून दगडांचे तुकडे. वनस्पती प्राणवायू देईल, मासे कार्बन डायऑक्साइड देतील, दोघांचं एकमेकांवर भागेल, असा त्याचा कयास होता. काही दिवसांनी वनस्पतीची पानं कुजायला लागली आणि पाणी गढूळ झालं. तेव्हा त्याने त्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकं खाल्लं आणि पाणी पुन्हा निवळलं. १८५० साली त्याने हे सगळं केमिकल सोसायटीपुढे मांडलं. पाणी न बदलता मासे जगवता येतात, ही त्या काळी मोठीच बातमी होती.

पुढे सगळं झपाट्याने घडलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जनतेसाठी मत्स्यगृह उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हा शब्द घराघरांत पोचला. बैठकीच्या खोलीत काचेची पेटी ठेवायची फॅशन आली. पेटी भिंतीला लागून ठेवली, माणूस समोर बसला, आणि मासा पहिल्यांदा कुशीवरून दिसायला लागला. आता त्याच्या मागे काय दिसावं, हा प्रश्न आपोआप आला. भिंतीवरचा कागद? शेजारच्या टेबलाचा पाय? मग लोक मागे दगड रचायला लागले.

हे दगड आले समुद्रकिनाऱ्यावरून. नुसते दगड नव्हेत, त्यांना चिकटलेल्या जिवांसकट. माणसं हातोडी, छिन्नी आणि बरण्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यांवर जायची आणि खडक फोडून आणायची. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ सालच्या ‘फादर अँड सन’ या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांतली भरलेली डबकी पुढे या हौशी लोकांनी पार ओकीबोकी करून टाकली, आणि त्याची खंत त्याच्या वडिलांना शेवटपर्यंत होती. ज्या पुस्तकाने लोकांना समुद्राकडे बघायला शिकवलं, त्यानेच त्यांच्या हातात छिन्नी दिली.

हाताने बनवलेला दगडही त्याच काळातला. जेम्स पुलहॅम या बांधकाम घराण्याने विटांचे तुकडे आणि भट्टीतली खंगर रचून त्यावर सिमेंटचा गिलावा चढवायचा आणि तो ओला असतानाच त्यात खडकाचे थर, भेगा, झीज कोरायची, अशी पद्धत बसवली होती. श्रीमंतांच्या बागांत त्यांनी अख्खे कडे उभे केले. आत भरताड, वरून हातभर कौशल्य. मी थर्माकोलवर जे करत होतो ते याहून वेगळं नव्हतं. फक्त पुलहॅमचा दगड तरंगत नव्हता.

वाचता वाचता मी एका आगीपाशी येऊन थांबलो, आणि तिथे मला अनपेक्षितपणे आमचाच रस्ता भेटला.

पहूरहून अजिंठ्याची लेणी वीस-पंचवीस किलोमीटरवर. लहानपणी पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं काम आमच्याकडे असायचं. त्यामुळे रॉबर्ट गिल हे नाव आमच्या भागात नवं नाही. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमला गेला. वर्षानुवर्षं तो लेण्यांतल्या अंधारात मोठमोठ्या कॅनव्हासवर ती चित्रं उतरवत राहिला. नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, म्हणजे काचेच्या त्या प्रचंड महालात लागल्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी महालाच्या उत्तर टोकाला आग लागली. गिलच्या तिथे लावलेल्या नकला त्यात जळाल्या. मोजकीच चित्रं वाचली. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्यानंतर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही बऱ्याचशा १८८५ साली लंडनच्याच दुसऱ्या एका आगीत गेल्या.

इथपर्यंत मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. क्रिस्टल पॅलेसचं जळालेलं उत्तर टोक पुन्हा पूर्वीसारखं बांधलं गेलं नाही. त्या मोकळ्या झालेल्या भागात १८७१ साली मत्स्यालय उघडलं. आमच्या शेजारच्या डोंगरातली चित्रं जिथे जळाली, तिथे खडकांच्या पार्श्वभूमीवर मासे पोहायला लागले.

ते उभं केलं विल्यम आल्फर्ड लॉइड याने. आधी तो लंडनमध्ये मत्स्यपेट्या आणि समुद्री जीव विकायचा. पुढे हॅम्बुर्गचं मत्स्यालय त्याने घडवलं. त्याची युक्ती अशी की लोकांना दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा खाली अंधारात ठेवायचा, आणि वाफेवरच्या पंपाने पाणी रात्रंदिवस वर-खाली फिरवायचं. अंधारात पाणी थंड राहतं, हिरवं होत नाही, आणि फिरताना त्यात हवा मिसळते. प्रेक्षक काचेसमोर उभा राहून खडकाच्या कपारीतला मासा बघायचा. त्या माशाला जगवणारं बहुतेक पाणी त्याला दिसतच नव्हतं.

आपल्याकडे हा देखावा सर्वांना पाहायला मिळाला तो मुंबईत. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलं. खर्च आठ लाख रुपये, त्यातले दोन लाख डी. बी. तारापोरवाला यांच्या देणगीतून. महाराष्ट्रातल्या किती तरी मुलांनी आयुष्यातला पहिला जिवंत समुद्री मासा तिथल्या काचेमागे पाहिला असेल. २०१५ साली ते नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं, तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा बोगदाही आला. घरगुती टाक्या मात्र बराच काळ लोखंडी अँगलच्या चौकटीत लांबी भरून काचा बसवलेल्या असायच्या. चौकट गंजायची, लांबी वाळून तडकायची, पाणी झिरपायचं. काचेला काच धरून ठेवणारं सिलिकॉन आलं आणि चौकट गेली. आज तालुक्याच्या गावातही कुणी काचवाला चार फुटी टाकी दोन तासांत जोडून देतो.

माझंही सिलिकॉनच होतं. तरी माझा कडा का सुटला, हे मला सांगितलं आमच्या गल्लीतल्या मिस्तरींनी. पंचेचाळीस वर्षं गिलावा करणारा माणूस. त्यांनी तो ओला कडा उलटा केला, मागच्या गुळगुळीत पांढऱ्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, “चिकन्या भिंतीले माल धरत नई भो. टाचे मार पह्यले.”

गिलाव्याआधी काँक्रीटला टाचे मारतात, हे मी घराचं बांधकाम चालू असताना शंभरदा पाहिलं होतं. माल कशाला तरी धरायला हवा, म्हणून चांगली सपाट भिंत आधी खडबडीत करायची. मी थर्माकोलच्या दर्शनी बाजूला महिनाभर कोरत बसलो होतो, आणि जी बाजू कुणालाच दिसणार नव्हती ती कारखान्यातून आली तशीच गुळगुळीत ठेवली होती.

अजिंठ्याच्या कारागिरांनी हेच केलं होतं. पाचव्या शतकात लेणी कोरून झाल्यावर चित्रांसाठीच्या भिंती त्यांनी तासून गुळगुळीत केल्या नाहीत, छिन्नीच्या खुणांसकट खडबडीत ठेवल्या. त्यावर आधी मातीचा जाडा थर. त्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू. मग बारीक मातीचा दुसरा थर, वर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग. आपल्या गिलाव्याचीही उतरंड अशीच असते: जाडा हात, बारीक हात, शेवटी नीरू. पद्मपाणीकडे बघताना आपण त्याचे डोळे बघतो. पण ते डोळे दीड हजार वर्षं भिंतीवर टिकले ते खालच्या तुसामुळे आणि त्याच्या खालच्या टाच्यांमुळे. जिथे हा थर सुटला, कीड लागली, ओल आली, तिथे चित्रही गेलं. गिलच्या कॅनव्हासवर फक्त वरचं उतरलं होतं. लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूरला पर्यटक केंद्रात १, २, १६ आणि १७ या लेण्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चित्रांपेक्षा कृत्रिम कातळाकडेच जास्त बघत होतो. आता कळतं, का ते.

मी कड्याची मागची बाजू करवतीच्या पात्याने खरवडली. काच स्पिरिटने पुसली. ठिपक्यांऐवजी सगळ्या पाठीवर सिलिकॉनच्या रेघा ओढल्या आणि कडेने सलग पट्टा दिला. वरच्या बाजूला काचेच्या दोन पट्ट्या आडव्या जोडून कड्याचं डोकं त्यांच्याखाली अडकवलं. आठवडाभर वाळू दिलं. मग पाणी भरलं. तो हलला नाही.

मासे मात्र लगेच सोडता येणार नव्हते. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा सामू माशांना सोसणार नाही इतका वर जातो. भर, दोन दिवस ठेव, काढ, पुन्हा भर. असं महिनाभर चाललं. आमच्या बोअरचं पाणी मुळातच जड. नळाच्या तोटीला पांढरं कीट धरणारं. म्हणून मी पूर्व आफ्रिकेतल्या सरोवरांतले सिक्लिड निवडले. खडकांच्या कपारींत राहणारे, अल्कधर्मी पाण्यात रमणारे. ज्या पाण्याला आई वर्षानुवर्षं नावं ठेवत आली होती, ते त्यांना मानवणार होतं.

घाई न करण्याचं आणखी एक कारण होतं. पाचवीत असताना मी दोन गोल्डफिश पाळले होते. दर रविवारी टाकी रिकामी करायचो. काच, तळाचे खडे, फिल्टरचा स्पंज, सगळं नळाखाली घासून लख्ख करायचो आणि ताजं पाणी भरायचो. तिसऱ्या रविवारनंतर दोघेही मेले. मला वाटलं, आपण नीट घासलं नाही. पुन्हा दोन आणले, आणखी कसोशीने घासलं. तेही मेले. पुढे बारा-तेरा वर्षं मी मासे आणले नाहीत. आपल्या हातून जीव जगत नाही, असंच मनात बसलं होतं.

त्याचं उत्तर वॉरिंग्टनच्या घरात होतं. वॉरिंग्टनचं समतोलाचं गणित अर्धं बरोबर होतं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो आणि तो विषारी असतो. त्याचं काय होतं, हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी दाखवलं की अमोनियाचं नायट्रेट होतं ते सूक्ष्मजीवांमुळे. हे काम इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात पुढे नेलं ते वॉरिंग्टनच्याच मुलाने. त्याचंही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. ही क्रिया दोन टप्प्यांत होते आणि दोन टप्पे वेगवेगळे जीव करतात, हे त्याने दाखवलं. ते जीव वेगळे काढायला तो कित्येक वर्षं झटला, पण जमलं नाही. १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की याला ते जमलं. २०१५ साली तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा जीवाणू सापडला, आणि त्यातला एक मिळाला तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. बापाने काचेत मासे जगवले आणि ते कशामुळे जगले याचा निम्मा उलगडा मुलाने शेताच्या मातीत केला. बापाच्या पेटीशी आपल्या कामाचा संबंध त्याने जोडला होता का, मला सांगता येणार नाही. मी तो जोडल्यावाचून राहू शकत नाही.

हे जीवाणू पाण्यात मोकळे फारसे राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. खड्यांना, स्पंजला, दगडाला. पृष्ठभाग जितका खडबडीत, तितकी त्यांना जागा जास्त. पुरेशी वसाहत व्हायला महिना-सव्वा महिना लागतो. मी दर रविवारी नळाखाली जे घासून काढत होतो, तेच माझ्या माशांना जगवणार होतं. चार गोल्डफिश माझ्या निष्काळजीपणाने मेले नव्हते. माझ्या स्वच्छतेने मेले होते. हे कळायला मला वयाची चोविशी गाठावी लागली.

म्हणजे मी शोभेसाठी म्हणून बनवलेला कडाच आता टाकीतला मुख्य कामगार होणार होता. कपारींतून, सिमेंटच्या खरखरीत कणांतून त्याच्यावर सूक्ष्मजीवांचा थर धरणार होता. फिल्टर आणि पाइप लपवायला केलेली ती भिंत स्वतःच अर्धा फिल्टर झाली.

मासे सोडले डिसेंबरात. आता चार-साडेचार वर्षं झाली. पहूरच्या मे महिन्यात टाकीवर टेबल फॅन लावावा लागतो. वीज गेली की हवेचा पंप इन्व्हर्टरवर आधी आणि माझा लॅपटॉप नंतर, असा घरात नियम आहे. सुरुवातीला दोन मासे दगावले. बाकीच्यांनी आता पिल्लं दिली आहेत आणि ती कपारींत लपतात. कड्याचा लाल-काळा रंग, ज्याच्यासाठी मी दोन महिने घालवले, आता दिसत नाही. त्याच्यावर गडद हिरवं-तपकिरी शेवाळ आलं आहे आणि मासे दिवसभर ते खरवडून खातात.

मिस्तरी अधूनमधून येतात. काचेशी डोळा लावून कड्याची वरची कड तपासतात, सुटली तर नाही ना म्हणून. आईचा प्रश्न वेगळा असतो. दर रविवारी मी बादली घेऊन बसतो, चौथा हिस्सा पाणी बदलतो आणि पुढची काच तेवढी पुसतो. ती दारातून विचारते, “अन् मागचं कधी घासशील रे? किती घाण धरलीये.”

मी म्हणतो, “ते राहू दे.”